रँडम व्हेरिएबल म्हणजे नक्की काय, आणि कुठं कुठलं डिस्ट्रिब्युशन लावायचं

तू चार गोष्टी विचारल्यास. रँडम व्हेरिएबल म्हणजे नक्की काय, कॅपिटल एक्स आणि स्मॉल एक्स वेगळे का लिहितात, कंटिन्युअसमध्ये (वजन, वेळ असलं अखंड मोजमाप) एकेका पॉइंटची प्रॉबेबिलिटी शून्य असेल तर मग ती व्हॅल्यू येतेच कशी, आणि बायनॉमियल, पॉइसन, नॉर्मल यातलं कुठलं कधी लावायचं हे गणित वाचून कसं ओळखायचं. साताऱ्यात बीएस्सी सेकंड इयरला आहेस म्हणजे फॉर्म्युले तुझे पाठ असणारच, त्यामुळे ते मी परत लिहीत बसत नाही. मी कुपवाड एमआयडीसीत मसाल्याच्या पॅकिंगला क्वालिटी बघते, स्टॅटमध्येच एमेस्सी केलंय, आणि संध्याकाळी बीएस्सीची पोरं येतात शिकायला. त्या पोरांचं पण असंच असतं, फॉर्म्युला आधी येतो आणि आकडा कुठनं आला ते कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं एवढंच की आकडा कसा तयार झाला ते आधी बघ, डिस्ट्रिब्युशन त्यातनंच निघतं.

आता रँडम व्हेरिएबल. वाळव्याकडं ऊसाच्या रोपांच्या नर्सऱ्या बघितल्या असशील, एक डोळा टिपरी, म्हणजे ऊसाच्या कांडीचा एका डोळ्याचा तुकडा, लावतात आणि ती उगवते किंवा उगवत नाही. समजा तीन टिपऱ्या लावल्या. काय काय होऊ शकतं? पहिली उगवली दुसरी उगवली तिसरी नाही, किंवा तिन्ही उगवल्या, किंवा एकही नाही, अशा एकूण आठ शक्यता. ह्या शक्यता म्हणजे आकडे नाहीत, नुसती वर्णनं आहेत. आता मी म्हणाले की किती उगवल्या ते मोज. झालं, हा जो नियम आहे ना, प्रत्येक वर्णनाला एक आकडा चिकटवायचा, तोच रँडम व्हेरिएबल. म्हणजे ते फंक्शन आहे, आणि गंमत म्हणजे फंक्शनमध्ये स्वतःत रँडम काहीच नाही, नियम आधीच ठरलेला आहे, टिपऱ्या लावायच्या आधी. रँडम आहे ते कुठली शक्यता घडणार ते.

त्याच तीन टिपऱ्यांवर दुसरा नियम पण लावता येतो. समजा तिन्ही टिपऱ्यांचा मिळून खर्च ४ रुपये आणि उगवलेलं रोप ३ रुपयाला जातं, तर फायदा म्हणजे ३ गुणिले उगवलेल्या वजा ४. हा वेगळा रँडम व्हेरिएबल झाला, ह्याच्या व्हॅल्यू वजा ४, वजा १, २ आणि ५. प्रयोग तोच, टिपऱ्या त्याच, मोजायचं काय ते आपण बदललं. हे डोक्यात बसलं की कॅपिटल-स्मॉलचं भांडण मिटतं. कॅपिटल एक्स म्हणजे तो नियम, अजून काही घडलेलं नाही. स्मॉल एक्स म्हणजे एखादी ठरावीक व्हॅल्यू, २ म्हण, ३ म्हण. 'एक्स बरोबर २ ची प्रॉबेबिलिटी' म्हणजे ज्या ज्या शक्यतांना नियमानं २ आकडा चिकटवला त्या सगळ्यांची प्रॉबेबिलिटी मिळून. टिपरी उगवायची प्रॉबेबिलिटी ०.८ धरली तर दोन उगवल्या आणि एक नाही असं तीन प्रकारे होतं, प्रत्येकाची ०.८ × ०.८ × ०.२ म्हणजे ०.१२८, तिन्हीची मिळून ०.३८४. बाकीच्या पण काढ, शून्याची ०.००८, एकाची ०.०९६, तिन्ही उगवायची ०.५१२. बेरीज १ आली. हे जे चार आकडे आले तेच डिस्ट्रिब्युशन. फॉर्म्युला हा फक्त तो तक्ता थोडक्यात लिहायची सोय आहे, तक्ता चार ओळींचा असेल तर फॉर्म्युल्याची गरजसुद्धा नाही.

फायद्याचं एक्स्पेक्टेशन काढायला नवीन तक्ता करायची पण गरज नाही. उगवलेल्यांचं एक्स्पेक्टेशन २.४, म्हणून फायद्याचं ३ × २.४ वजा ४, म्हणजे ३.२ रुपये. आता ३.२ रुपये फायदा कधीच होणार नाही हे बघितलंस का? व्हॅल्यू वजा ४, वजा १, २, ५ एवढ्याच आहेत. एक्स्पेक्टेड व्हॅल्यू म्हणजे अपेक्षित उत्तर असं समजून पोरं गोंधळतात, ती फक्त लांब पल्ल्याची सरासरी आहे.

आता दहा टिपऱ्या घे, उगवण ८० टक्के. दहातल्या आठ उगवणार असंच सगळे म्हणतात, पण बायनॉमियलनं, म्हणजे वरचाच हिशोब दहावर करून, काढलं तर बरोबर आठ उगवायची प्रॉबेबिलिटी ०.३०२ आहे. म्हणजे दहा वेळा असं केलं तर सात वेळा आठ येणारच नाही! नऊची ०.२६८, दहाची ०.१०७, सातची ०.२०१, सहाची ०.०८८ आणि पाच किंवा त्याहून कमीची ०.०३३. म्हणून एखाद्यानं दहा लावले आणि सहाच उगवले तर लगेच नर्सरीवाल्याशी भांडायला जायचं कारण नाही, सहा किंवा त्याहून कमी यायची प्रॉबेबिलिटी १२ टक्के आहे. शंभरातले साठच उगवले तर मात्र जावं, टक्के तेच दिसले तरी तिथं सरासरी ८०, स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीपासूनचा साधारण फरक, त्यालाच सिग्मा म्हणतात) ४, म्हणजे पाच सिग्मा खाली गेलं की ते.

पण हे सगळं एका अटीवर उभं आहे आणि परीक्षेत ती अट एका ओळीत येते म्हणून पोरं तिच्याकडं बघत पण नाहीत. प्रत्येक टिपरीचं नशीब दुसरीपासून वेगळं पाहिजे आणि ०.८ सगळ्यांना सारखं पाहिजे. खऱ्या ट्रेमध्ये काय होतं, एका ट्रेला पाणी जास्त झालं की बुरशी येते आणि अख्खा ट्रे जातो, शेजारचा ट्रे मस्त हिरवागार. मग दहा-दहाच्या ट्रेमधले आकडे असे दिसतात, १०, १०, २, ९, १०, १, १०. सरासरी साधारण साडेसात, तरी हे बायनॉमियल अजिबात नाही. ओळखायचं कसं? व्हेरियन्स काढ, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते. बायनॉमियलमध्ये तो एन (किती टिपऱ्या) गुणिले पी (एक उगवायची प्रॉबेबिलिटी) गुणिले (एक वजा पी) असतो, इथं दोनच्या आत यायला पाहिजे होता, आणि ह्या आकड्यांचा पंधराच्या आसपास येतो. एवढा फरक दिसला की समजायचं, टिपऱ्या एकमेकीवर अवलंबून आहेत नाहीतर पी बदलतोय. माझ्या मते बायनॉमियल शिकवताना ही तपासणी पहिल्या दिवशी शिकवली पाहिजे, नुसत्या नाण्याच्या उदाहरणात हे कधी दिसतच नाही.

पॉइसनकडं येऊ. उंब्रजजवळ हायवेला पंक्चरचं दुकान आहे समज, तासाला सरासरी दोन गाड्या येतात. इथं 'एन' किती ते सांग बरं? हायवेवरनं हजारो गाड्या जातात, प्रत्येकीची नेमकं इथंच पंक्चर व्हायची शक्यता अगदी बारीक, एन प्रचंड आणि पी नगण्य, दोन्हीतलं एकही माहीत नाही, पण दोघांचा गुणाकार माहीत आहे, तो २. पॉइसनची सगळी जादू इथंच आहे, एन आणि पी वेगवेगळे लागतच नाहीत. पडताळून बघायचं असेल तर एन १००० आणि पी ०.००२ धरून बायनॉमियलनं शून्याची प्रॉबेबिलिटी काढ, ०.१३५१ येते, आणि लॅम्डा (म्हणजे तीच सरासरी) २ च्या पॉइसननं ०.१३५३. बाकीच्या व्हॅल्यू, एक गाडीची ०.२७१, दोनची पण ०.२७१, तीनची ०.१८०, चारची ०.०९०, पाच किंवा जास्तची ०.०५३.

ह्याच दुकानातनं एक्स्पोनेन्शियल पण निघतं, ते पुस्तकात वीस पानं लांब असतं म्हणून नातं कळत नाही. एक गाडी गेल्यावर पुढची यायला किती वेळ लागला ते मोज, हा झाला कंटिन्युअस व्हेरिएबल, सरासरी अर्धा तास. तासभर कुणीच न यायची प्रॉबेबिलिटी किती? 'तासात शून्य गाड्या' आणि 'पुढची गाडी तासानंतर' ही एकच घटना ना, मग उत्तर तेच, ०.१३५. मोजणं बदललं म्हणून एकाचं नाव पॉइसन आणि दुसऱ्याचं एक्स्पोनेन्शियल.

आणि अट? पालीच्या खंडोबाच्या यात्रेला तो लॅम्डा २ राहत नाही, दहा पण होईल, रात्री तीन वाजता तो ०.२ असेल. वर्षभराचे सगळे तास एकत्र करून एक पॉइसन बसवायला गेलं की बसत नाही आणि मग पोरं म्हणतात थिअरी खोटी आहे. पॉइसनमध्ये सरासरी आणि व्हेरियन्स सारखे असतात, ही सगळ्यात सोपी परीक्षा. पॉइसनचं पुस्तक १८३७ चं, पण हे डिस्ट्रिब्युशन लोकांच्या डोळ्यात भरलं ते १८९८ ला, बोर्टकिविझ ह्या स्टॅटिस्टिशियननं प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेनं मेलेल्या सैनिकांचे आकडे त्यावर बसवून दाखवले तेव्हा. त्यातला जो भाग पुस्तकात नेहमी देतात तो असा, २०० नोंदींपैकी १०९ मध्ये एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि १ मध्ये चार. सरासरी काढ, ०.६१ येते. व्हेरियन्स काढ, तो पण ०.६१ च. हातानं काढून बघच एकदा, दहा मिनिटांचं काम आहे, पण विश्वास बसतो.

आता तुझा खरा अडलेला प्रश्न, एका पॉइंटची प्रॉबेबिलिटी शून्य. माझ्या लाईनवरचंच उदाहरण देते, आकडे सोयीसाठी गोल घेतलेत. हळदीचं ५०० ग्रॅमचं पाकीट, मशिन सरासरी ५०३ ला लावलंय, सिग्मा २ ग्रॅम, वजन नॉर्मल. पाकीट बरोब्बर ५०० ग्रॅम असायची प्रॉबेबिलिटी किती? शून्य. पण काट्यावर तर ५०० दिसतं की! दिसतं, कारण काटा एक ग्रॅमचा आहे, त्याला ४९९.५ पासून ५००.५ पर्यंत सगळं ५०० च वाटतं. त्या पट्ट्याची प्रॉबेबिलिटी ०.०६५५ आहे. दहाव्या हिश्श्याचा काटा आणला की पट्टा बारीक होतो, प्रॉबेबिलिटी साधारण ०.००६५, अजून बारीक काटा आणला की अजून कमी. जगात कुणी बरोब्बर ५०० मोजतच नाही, पट्टाच मोजतो, आणि पट्ट्याची प्रॉबेबिलिटी कधी शून्य नसते. तुझा प्रश्न 'मग ती व्हॅल्यू येते कशी' असा आहे, तर प्रत्येक पाकिटाला काहीतरी वजन असणारच, पण कुठलं ते आधी नेमकं बोट ठेवून सांगणं जमणार नाही, शून्याचा अर्थ एवढाच.

मग तो वक्र काय दाखवतो? डेन्सिटी. ऊसाचा एकरी उतारा असतो ना, एकरी ८० टन म्हणजे वावरात ८० टन ऊस आहे असं नाही, दहा गुंठेच असेल तर वीस टनच निघणार, आणि नुसत्या रेघेला क्षेत्रच नाही म्हणून तिथं ऊस शून्य. डेन्सिटी म्हणजे तो उतारा, रुंदीनं गुणल्याशिवाय प्रॉबेबिलिटी मिळत नाही. ५०० वर डेन्सिटी ०.०६४८ आहे, एक ग्रॅम रुंदीनं गुणलं की ०.०६४८, वरचं खरं उत्तर ०.०६५५ होतं, जवळपास जुळलं. आणि डेन्सिटी एकाच्या वर जाऊ शकते का? खुशाल. हेच वजन किलोत लिही, सिग्मा ०.००२ किलो, वक्राचं टोक १९९ च्या वर जातं. ग्रॅममध्ये तेच टोक ०.१९९ होतं. पाकिटं तीच, क्षेत्रफळ दोन्हीकडं १. तोंडी परीक्षेत हा प्रश्न विचारला की निम्मी पोरं 'चूक आहे सर' म्हणतात.

ह्याच उदाहरणात पैशाची गोष्ट पण आहे. ५०० च्या खाली जाणारी पाकिटं किती? झेड (सरासरीपासून किती सिग्मा लांब ते) वजा १.५, म्हणजे ६.७ टक्के. सरासरी ५०४ केली तर २.३ टक्के, पण मग प्रत्येक पाकिटाला एक ग्रॅम हळद फुकट जाते. सरासरी ५०३ च ठेवून सिग्मा १.५ केला तरी झेड वजा २ च येतो, म्हणजे तेच २.३ टक्के, हळद वाचली ती वेगळीच. म्हणून क्वालिटीची माणसं सरासरीपेक्षा सिग्माच्या मागं जास्त लागतात.

नॉर्मल कधी येतं ते आता लक्षात आलं असेल, बारीक बारीक, साधारण एकमेकांपासून वेगळी कारणं एकत्र बेरीज होऊन आकडा बनतो तेव्हा. डी मॉय्व्ह्रनं १७३३ ला बायनॉमियलमधनंच ते काढलं होतं, गाउसच्या आधी कितीतरी. पण म्हणून सगळंच नॉर्मल नाही. सातारा जिल्ह्याच्या पावसाचं घे, महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि माण तालुक्यात जेमतेम पाचशे, सगळी केंद्रं एकत्र करून सरासरी काढली तर तेवढा पाऊस जिथं पडतो असं गाव शोधायला जावं लागेल. आणि एका गावाचा रोजचा पाऊस घेतला तर तो डिस्क्रीट (सुट्या सुट्या व्हॅल्यूंचा) पण नाही आणि कंटिन्युअस पण नाही! सांगलीत बहुतेक दिवस पाऊस शून्य, म्हणजे शून्यावर प्रॉबेबिलिटीचा मोठा ढीग, आणि ज्या दिवशी पडतो त्या दिवशी कितीही, ३.२ मिलिमीटर, ४१.७, काहीही. पुस्तकात दोन चॅप्टर वेगळे असतात म्हणून पोरांना वाटतं प्रत्येक व्हेरिएबल ह्यात नाहीतर त्यात बसलंच पाहिजे. असा मिश्र आला की सीडीएफ वापरायचा, स्मॉल एक्सपर्यंतची साठत गेलेली प्रॉबेबिलिटी. तो सगळीकडं चालतो, शून्यावर एकदम उडी आणि पुढं हळूहळू चढत एकापर्यंत. सर लोक सीडीएफ घाईत संपवतात, मला तो पीएमएफ-पीडीएफपेक्षा (एकेका व्हॅल्यूच्या प्रॉबेबिलिटीचा तक्ता आणि डेन्सिटीचा वक्र) जास्त महत्त्वाचा वाटतो.

पुराचं पण सांगतेच, सांगलीत राहून ते टाळता येत नाही. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हणजे एकदा आला की शंभर वर्षं निवांत, असं लोक समजतात. त्याचा अर्थ दर वर्षी प्रॉबेबिलिटी ०.०१, बस. तीस वर्षांत एकदा तरी यायची प्रॉबेबिलिटी १ वजा ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे २६ टक्के. घरकर्ज वीस-तीस वर्षांचं असतं, त्या हिशोबानं नदीकाठच्या फ्लॅटचा विचार कर. शंभर वर्षांत एकदा तरी यायची प्रॉबेबिलिटी ६३ टक्के, शंभर नाही.

आणि आता अटीकडं परत. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी नदीची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ ला मोठा पूर, २०१९ ला, परत २०२१ ला. समजा तिन्ही त्या शंभर वर्षांच्या मापाचे धरले, तर २००५ ते २०२१ ह्या १७ वर्षांत तीन किंवा जास्त यायची बायनॉमियल प्रॉबेबिलिटी ०.०००६ येते. दहा हजारात सहा. एवढी बारीक प्रॉबेबिलिटी आली की नशिबाला दोष द्यायच्या आधी मॉडेलकडं संशयानं बघायचं, एकतर ०.०१ हा आकडाच चुकीचा, नाहीतर तो वर्षागणिक बदलतोय. एक खोच आहे मात्र, ही १७ वर्षं मी पूर बघून मग निवडली, सुरुवात पण पुराची आणि शेवट पण पुराचा, त्यामुळे ०.०००६ हा आकडा जरा जास्तच भयंकर दिसतो. तरीसुद्धा संशय उरतोच. वर्षातल्या सगळ्यात उंच पातळीला नॉर्मल लावत नाहीत, कारण ती बेरीज नाही, कमाल आहे, आणि कमालीसाठी गम्बेल वगैरे वेगळी डिस्ट्रिब्युशन्स आहेत. एमेस्सीला भेटतील.

म्हणजे परीक्षेत गणित आलं की 'ठरलेल्या संख्येतले किती' असेल तर बायनॉमियल, 'ठरलेल्या वेळेत किंवा जागेत किती, वरची मर्यादा माहीत नाही' असेल तर पॉइसन, 'पहिल्यांदा यायला किती खेपा' असेल तर जिओमेट्रिक, 'किती वेळ थांबावं लागलं' असेल तर बहुतेक एक्स्पोनेन्शियल. बॅगेतनं परत न ठेवता काढलं तर पी प्रत्येक वेळी बदलतो, ते हायपरजिओमेट्रिक, पेपर काढणाऱ्यांचं आवडतं आहे ते, 'परत न ठेवता' हे तीन शब्द बारीक करून टाकतात.

एक्सेलवर सराव करणार असशील तर फंक्शनच्या शेवटच्या खान्यात ट्रू का फॉल्स ते बघून टाक. बायनॉम डॉट डिस्टमध्ये फॉल्स टाकलं की त्या एका व्हॅल्यूची प्रॉबेबिलिटी मिळते आणि ट्रू टाकलं की तिथपर्यंतची साठलेली. नॉर्म डॉट डिस्टमध्ये मात्र फॉल्स टाकलं तर जे येतं ती प्रॉबेबिलिटी नाही, डेन्सिटी आहे. वरचं हळदीचं उदाहरण टाकून बघ, ५००, ५०३, २, फॉल्सला ०.०६४८ येईल आणि ट्रूला ०.०६६८. दोन्ही आकडे योगायोगानं जवळ आहेत म्हणून फसायला होतं, ५०१ टाकलं की फरक लगेच दिसेल.